दहा बाय बाराचा मासा

मुंबईच्या उपनगरांत एखादी गोष्ट किती मोठी आहे हे सांगायचं तर स्क्वेअर फुटांत सांगावं लागतं. मासाही त्याच मापाने मोजून पाहू. महासागरी मँटा रे हा पाकटाच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सर्वसाधारणपणे चार-पाच मीटर भरतो, आणि चांगला थोराड झाला तर सात मीटरपर्यंत जातो. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. त्याची रुंदी लांबीच्या सव्वादोन पट असते, म्हणजे तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण दहा फूट झाले. आकार समभुज चौकोनाकडे झुकणारा, तेव्हा शाळेत शिकल्याप्रमाणे दोन्ही मापांचा गुणाकार करायचा आणि निम्मा करायचा. उत्तर येतं ११५ ते १२० चौरस फूट. दहा बाय बाराची खोली! घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत एवढ्या जागेत तीन पिढ्या नांदल्या आहेत.

या खोलीचं वजन दीड-दोन टन. आणि ती पोसली जाते कशावर, तर बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा प्लवकांवर.

वेसाव्याच्या धक्क्यावर एवढं धूड रोज उतरत नाही. तिथे येतं ते लहान पाकट: पाटीत पसरलेलं, मातकट तपकिरी, कडेने लवलवीत, आणि बहुतेक वेळा शेपटी आधीच छाटलेली. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाते असलेला विषारी काटा असतो. पायात घुसला तर गडी आडवा होतो, म्हणून जाळं बोटीवर आलं की आधी तो उडवायचा. मग बाजारात कोळीण पंख चिरते. आत हाड नाहीच, सगळी कूर्चा, त्यामुळे सुरी आरपार जाते आणि मांसाचे लांब दोरे दोरे दिसतात. पापलेट-सुरमईच्या पंगतीत पाकटाला मान नाही. ज्यांना त्याचं कालवण आवडतं त्यांना मात्र फारच आवडतं.

या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर देशातल्या मत्स्यविज्ञानाची दोन मोठी ठाणी आहेत. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्यात, म्हणजे वेसाव्यातच आहे, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्रही सात बंगल्याजवळ आहे. मुंबईच्या धक्क्यांवर उतरणाऱ्या पाकटांच्या नऊ जातींचा अभ्यास राजे आणि झकारिया या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केला. नऊ हा आकडा एका शहराच्या मानाने बरा वाटेल, पण २०१६ साली जगातल्या सगळ्या रे माशांचा जो सचित्र ग्रंथ निघाला त्यात ६३३ जाती आहेत. शार्कच्या जाती त्याहून कमी भरतात. सिनेमे मात्र सगळे शार्कवर निघाले, हा पाकटांवर अन्यायच.

या सहाशेतेहतीसांत मँटा आणि त्याची भावंडं, म्हणजे डेव्हिल रे, यांचं कुटुंब जेमतेम दहा जातींचं. शास्त्रात त्याला मोब्युलिडी म्हणतात. काटेवाली पाकटं, फुलपाखरी पाकटं, गरुड रे आणि मँटा हे सगळे एकाच गणातले. त्यांतला मँटाचा सख्खा शेजारी म्हणजे गाईच्या नाकाचा रे, ऱ्हायनोप्टेरा. त्याच्या एका जातीचं नाव ऱ्हायनोप्टेरा जयकरी आहे. जयकर हे आडनाव मुंबईकराला अनोळखी नाही. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४-१९११) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांची नेमणूक मस्कतला होती. रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता त्यांनी तिथले मासे, सरडे, साप जमा केले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले. तिथल्या बुलेंजर यांनी १८९५ साली या रे माशाला जयकरांचं नाव दिलं. शिवाय एक समुद्रघोडा, एक सरडा, एक दुतोंड्याच्या जातीचा साप आणि ओमानच्या डोंगरातली रानबकरी, अरबी ताहर, अशी सगळी फौज जयकरांच्या नावावर आहे. फावल्या वेळात त्यांनी अद-दमीरी याच्या अरबी प्राणिकोशाचं इंग्रजी भाषांतरही केलं. जयकरी रे हिंदी महासागरात आफ्रिकेपासून भारतापर्यंत आणि पुढेही सापडतो.

या जयकरी पाकटाचं डोकं समोरून नीट पाहिलं तर मँटाची अर्धी गोष्ट कळते. कपाळाखाली मधोमध खाच असलेला एक मांसल ओठ असतो, दोन पाकळ्यांचा. मँटात त्या दोन पाकळ्या लांबल्या आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना पुढे आल्या. मासा पोहत असताना त्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि लांबून शिंगं वाटतात. ‘डेव्हिल’ हे नाव त्यावरूनच पडलं. खायला लागला की सुरळ्या उलगडतात आणि पाणी तोंडाकडे वळवतात. ही शिंगं मुळात पंखाचाच पुढचा भाग. वाढत्या गर्भात तो मुख्य पंखापासून सुटा होत जातो.

खोलीएवढा मासा कोणाच्या नजरेतून सुटेल असं वाटत नाही, आणि तो सुटलाही नाही. त्याचं नाव काय नि त्याचे भाऊ किती, यावर मात्र सव्वादोनशे वर्षं घोळ चालला. १७९२ साली वालबाउम या जर्मन पंडिताने त्याला राया बायरोस्ट्रिस हे नाव दिलं, पण त्या वर्णनामागे जपून ठेवलेला एकही नमुना नाही. नंतर ज्याच्या हाती मँटा लागला त्याने आपापलं नाव ठेवलं. डेमोमँटा, डायाबोलिक्थिस अशी सैतानी नावंही देऊन झाली. कारण अगदी साधं होतं. बोंबील बरणीत मावतो. अर्धा डझन बोंबील एका बरणीत घालून शेजारी शेजारी तुलना करता येते. सात मीटरचा मासा कोणत्या बरणीत घालणार? दोन मँटा एका छताखाली आणून त्यांत फरक काय हे पाहण्याची सोयच कोणाकडे नव्हती. तेव्हा जो तो आपल्या किनाऱ्यावर आलेल्या एका धुडाचं वर्णन लिहून मोकळा झाला.

सिडनीच्या क्रेफ्ट यांनी १८६८ साली असंच एक नाव दिलं: आल्फ्रेडी. राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा आल्फ्रेड त्या वर्षी सिडनीत आला होता, त्याच्यावर तिथे गोळीबारही झाला आणि तो वाचला. हाच राजपुत्र १८७० साली मुंबईत आला. कुलाब्याकडे जाताना रीगलसमोर राज्य पोलीस मुख्यालयाची जी दगडी इमारत दिसते ती मुळात खलाशांसाठी बांधलेलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. इमारतीचं नाव बदललं, माशाचं टिकलं. अर्थात मधली एकशेचाळीस वर्षं तेही बेवारशीच होतं, कारण बहुतेक शास्त्रज्ञ जगभर मँटाची एकच जात धरत होते.

२००९ साली अँड्रिया मार्शल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एक नाही, दोन आहेत. मोठा महासागरी बायरोस्ट्रिस आणि प्रवाळबेटांच्या आसपास राहणारा, साडेपाच मीटरपर्यंत वाढणारा आल्फ्रेडी. दोघांची फारकत होऊन पाच लाख वर्षंही झाली नसावीत, असं पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. उत्क्रांतीच्या वहीत पाच लाख म्हणजे कालपरवाची नोंद.

त्या वेळी हिशेब असा होता: मँटा दोन, डेव्हिल रे नऊ, एकूण अकरा. २०१७ साली विल्यम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांची जनुकं ताडून पाहिली आणि अकराचे आठ केले. शिवाय मँटा ही वेगळी प्रजातीच मोडीत काढली. कारण मँटा काटेशेपटी डेव्हिल रे माशाला जितका जवळचा निघाला तितका तो काटेशेपटी आपल्या इतर डेव्हिल भावंडांना नव्हता. सख्ख्या भावाला वेगळं आडनाव लावून चुलत्यांना एका घरात ठेवल्यासारखं होतं. आता सगळ्यांचं आडनाव एकच, मोब्युला. महासागरी मँटाचं कागदोपत्री नाव मोब्युला बायरोस्ट्रिस झालं, बोलण्यात मात्र मँटा तो मँटाच राहिला.

आठांचे लवकरच नऊ झाले, आणि या नवव्याची कथा आपल्याच देशातली आहे. पॅट्रिक रसेल नावाच्या स्कॉटिश वैद्याने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचे दोनशे मासे चित्रांसह १८०३ साली छापले. चांगली गोष्ट अशी की त्याने तिथल्या कोळ्यांना विचारून त्यांची तेलुगू नावंही लिहून घेतली. त्यांत एक होतं एरेगूडू टेंकी. मीटर-सव्वा मीटरचा, मोब्युलांतला बुटका. हे नाव पुढे लॅटिन वळणाने शास्त्रात शिरलं. २०१७ च्या झाडाझडतीत ही जात कुहली नावाच्या दुसऱ्या बुटक्यात विलीन झाली, आणि दोनच वर्षांत पुन्हा वेगळी काढावी लागली, कारण डोक्याच्या लांबीपासून दोघांत फरक सापडत गेले. विशाखापट्टणमच्या कोळ्यांना या वादाची काही गरज पडली नसती. पुढे २०२५ साली अटलांटिक महासागरातला तिसरा मँटा, मोब्युला यारे, अधिकृतपणे नोंदला गेला. म्हणजे एकविसाव्या शतकाचं पाव शतक उलटल्यावर माणसाला कळलं की आपण ज्याला एक मँटा समजत होतो ते निदान तीन आहेत. दुसऱ्या ग्रहांवरचे खड्डे मोजून झाले होते तोवर.

बाहेरून ओळखायचं कसं? मँटाचं तोंड डोक्याच्या अगदी पुढच्या कडेला उघडतं, इतर मोब्युलांचं किंचित खाली, पोटाच्या बाजूला. एवढी एक खूण पाहिली तरी अर्धं काम होतं. मग पाठ पाहायची. महासागरी मँटाच्या काळ्या पाठीवर खांद्यांपाशी दोन पांढरे त्रिकोण असतात आणि त्यांच्या पुढच्या कडा तोंडाच्या रेषेला समांतर जातात, त्यामुळे मधे काळा इंग्रजी टी दिसतो. आल्फ्रेडीत तेच पांढरं तिरकं पसरतं आणि मधे वाय उमटतो. बायरोस्ट्रिसचं तोंड आतल्या कडेला काळं, आल्फ्रेडीचं पांढरं. पोटावरचे ठिपके बायरोस्ट्रिसमध्ये खाली जमलेले, आल्फ्रेडीत कल्ल्यांच्या फटींमधेही सांडलेले. शेपटीच्या मुळाशी महासागरी मँटाला एक टेंगूळ असतं, त्यात जुन्या काट्याचा अवशेष दडलेला; डंख मारण्याजोगं काही नाही. काटेशेपटी डेव्हिल रे माशाला, म्हणजे मोब्युलरला, मात्र तिथे खराच काटा असतो आणि पाठीवरच्या लहानशा पराच्या टोकाला पांढरा ठिपका. तो पाच मीटरपर्यंत वाढतो, म्हणून कित्येकदा मँटा समजून खपून जातो. आणि काही मँटा पाठीपोटाने सबंध काळेच निघतात, तेव्हा ठिपक्यांवर भरवसा ठेवणाऱ्याची चांगलीच पंचाईत होते.

खोलीएवढ्या माशाला प्लवकांवर जगायचं तर गाळणी तशी हवी. स्वयंपाकघरातली चहाची गाळणी भोकापेक्षा मोठं ते अडवते आणि शेवटी चोथ्याने तुंबते. मँटाच्या कल्ल्यांतल्या पापुद्र्यांची रचना निराळी आहे. २०१८ साली अमेरिकी संशोधकांनी तिची प्रतिकृती करून पाहिली. प्रत्येक पापुद्र्यामागे पाण्याचा छोटा भोवरा तयार होतो, आणि प्लवक पापुद्र्यावर आपटून उसळी घेत पुढे घशाकडे जातो; पाणी मात्र फटींतून खाली निसटतं. फटीहून लहान कणही असा अडवला जातो, आणि फट तुंबत नाही. सांडपाणी गाळणाऱ्या यंत्रांसाठी अभियंते आता या पापुद्र्यांकडे पाहत आहेत. मिठी नदीचा विचार मनात येतो, पण तिथे बिचारा मँटाही हात टेकेल.

मेंदूच्या बाबतीत तर हा मासा माशांत बसतच नाही. आजवर मोजलेल्या माशांत सगळ्यात मोठा मेंदू मँटाचा. व्हेल शार्क वजनाने त्याच्या कित्येक पट, तरी मेंदूत मागे. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची एक जाळी असते आणि ती मेंदूला आसपासच्या पाण्यापेक्षा ऊबदार ठेवते. ही ऊब कशाला लागते ते त्याच्या एका भावाने दाखवलं. अझोर्स बेटांजवळ संशोधकांनी मोब्युला तारापकाना या जातीच्या माशांना उपग्रहाशी जोडलेल्या पट्ट्या लावल्या. २०१४ साली निष्कर्ष आले: हा पृष्ठभागावर उन्हं खात हिंडणारा समजला गेलेला मासा जवळपास २,००० मीटर खोल बुडी मारतो, तेही सेकंदाला ६ मीटर वेगाने. तिथे पाणी ४ अंशांहून थंड, आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट. पट्ट्या लावण्याआधी याची कोणाला शंकाही नव्हती.

वेसावे-मढच्या कोळ्याला २,००० मीटर पाणी हवं असेल तर त्याला फार लांब जावं लागेल. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्या टोकालाही खोली दोनशे मीटरच्या आसपास. डोळीचं जाळं तर याच्या कितीतरी अलीकडे, किनाऱ्यालगतच्या उथळ गाळात लागतं. त्यामुळे डोळीत बोंबील, जवळा आणि लहान पाकट मिळतं. मोब्युला अडकतात ते बहुतेक दूरवर सोडलेल्या तरंगत्या जाळ्यांत, दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या.

आता जन्माचे आकडे. सुरमईची मादी एका हंगामात लाखांनी अंडी सोडते. मँटा एका वेळी एक पिल्लू देतो. गर्भ वर्षभराहून थोडा जास्त काळ पोटात असतो, आणि नाळ नसल्यामुळे तो गर्भाशयाच्या भिंतीतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर वाढतो. (कोळीवाड्यात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी-मोरीचं कालवण देतात, याच कुळातल्या माशांना दुधाचा मान मिळावा हा योगायोग गमतीचा आहे.) पंख गुंडाळलेलं पिल्लू बाहेर येतं ते मीटर-दीड मीटर रुंदच. मग पुढचं बाळंतपण दोन वर्षांनी, कधी पाच, कधी सातही वर्षांनी. चाळीस वर्षांच्या आयुष्यात महासागरी मँटाची मादी चार ते सात पिल्लांची आई होते, असा अंदाज आहे. सुरमईच्या हिशेबात ही बेरीज शून्यच म्हणायची.

आणि वजाबाकी? अलीकडच्या एका जागतिक आढाव्यानुसार मासेमारीत वर्षाला सुमारे २ लाख ६४ हजार मोब्युला मरतात. यातले सत्त्याऐंशी टक्के मोठ्या परदेशी जहाजांवर नव्हे, तर पंधरा मीटरहून लहान बोटींवर मरतात. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया, म्यानमार आणि पेरू या पाच देशांच्या वाट्याला त्यातले पंचाऐंशी टक्के. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जगात महासागरी मँटांचा सगळ्यात मोठा ज्ञात समुदाय इक्वेडोरच्या किनाऱ्यावर आहे. २०२२ साली त्याची संख्या २२ हजारांहून जास्त निघाली आणि तज्ज्ञही चकित झाले, कारण इतरत्र हे समुदाय हजार-दोन हजारांचे किंवा त्याहून लहान असतात. म्हणजे त्या सगळ्यात मोठ्या समुदायाच्या बारा पट मोब्युला, सगळ्या जाती मिळून, दर वर्षी जाळ्यात संपतात. मांसाला भाव फारसा नाही. भाव आहे तो वाळवलेल्या कल्ल्यांच्या पापुद्र्यांना, दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या औषधी बाजारात. २०११ साली या व्यापाराची उलाढाल वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर धरली गेली. जिवंत मँटा पाहायला पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांचा थेट खर्च मात्र २०१३ च्या अंदाजात ७ कोटी ३० लाख डॉलर होता. मालदीवच्या हनीफारू खाडीत हंगामात कधी कधी दोनशे मँटा एकत्र चरतात, आणि ते पाहायला लोक तिकीट काढतात.

वर्गीकरणाची ही सगळी खटपट इथे उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या साइट्स करारात मँटा २०१३ साली आले, बाकी डेव्हिल रे २०१६ साली. मधल्या तीन वर्षांत मँटाच्या पापुद्र्याला नियम लागू आणि डेव्हिलच्या पापुद्र्याला नाही, अशी गंमत होती. वाळवलेला पापुद्रा हातात घेऊन तो कोणाचा हे सांगायला जाणकाराची नजर लागते किंवा जनुकांची तपासणी. धक्क्यावरच्या वहीत तर पुष्कळदा नुसतं ‘पाकट’ आणि किलोचा आकडा एवढंच उरतं. त्या एका शब्दात कुहली, एरेगूडू, मोब्युलर सगळे मावतात.

तेव्हा वेसाव्याला, मढला, मनोरी-गोराईला किंवा भाऊच्या धक्क्यावर कधी शिंगवालं काळं धूड दिसलं, तर गर्दीत पाठीवरून सेल्फी काढून भागत नाही. तोंड पुढे आहे की खाली, खांद्यावरचं पांढरं कसं वळलं आहे, शेपटीच्या मुळाशी टेंगूळ की काटा, या तीन ठिकाणचे फोटो घ्यायचे, आणि शक्य असेल तर चार गडी लावून ते उलटं करून पोटाचाही. पोटावरचे ठिपके प्रत्येक मँटाचे वेगळे असतात आणि जन्मभर फारसे बदलत नाहीत. मालदीवमध्ये त्यांच्याच आधारे हजारो आल्फ्रेडींची एकेक करून नोंद झाली आहे. मोजपट्टी जवळ नसेल तर शेजारी पायातली चप्पल काढून ठेवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. माप त्यावरून निघतं.